पुढच्या तारखेपर्यंत

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपतात त्या दिवशी बहुतेक बायकांच्या हातात दोन गोष्टी पडतात. एक म्हणजे हार्मोनच्या, म्हणजे शरीरातल्या हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या, गोळ्यांची चिठ्ठी, निदान पाच वर्षांसाठी. दुसरी, पुढच्या तपासणीची तारीख. तारीख घरातले सगळे लक्षात ठेवतात. रजा टाकली जाते, सोबत कोण जाणार ते ठरतं, आदल्या रात्री कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. गोळ्या मात्र तिच्या एकटीच्या. आणि एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंत जे काही होतं, तेही तिचं एकटीचंच.

उपचारांनंतरची सगळी देखरेख या तारखेभोवती उभी आहे आणि माझ्या मते ती तिथेच फसते. आजार उलटला तर तो बहुधा दोन तारखांच्या मधे कळतो. गोळ्या सुटतात त्या मधेच. हात सुजतो, सांधे धरतात, झोप उडते, नवराबायकोत काहीतरी न बोललेलं साचत जातं, तेही मधेच. तारखेच्या दिवशी आपण रिपोर्ट बघतो. रिपोर्ट चांगला आला की सगळ्यांच्या जिवात जीव येतो आणि ‘बाकी काही त्रास नाही ना?’ हा प्रश्न उठता उठता विचारला जातो. त्याचं उत्तर ‘नाही’ असंच द्यायचं असतं, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सांगणारीलाही.

आधी रिपोर्टांचंच बघू.

‘दर सहा महिन्यांनी अंगभर स्कॅन करून घेऊ, म्हणजे काही असलं तर लवकर सापडेल.’ हे म्हणणं इतकं शहाणपणाचं वाटतं की त्यावर शंका घेणारा निर्दयी ठरतो. पण ती शंका घेतली गेली, आणि तीही तीस वर्षांपूर्वी. इटलीत बायकांचे दोन गट पाडून तुलना करणाऱ्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या. दोन्हींचे निकाल १९९४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाच्या एकाच अंकात, पाठोपाठच्या पानांवर छापून आले. पहिल्या चाचणीत १३२० बायका होत्या. निम्म्यांची नियमितपणे हाडांचा स्कॅन, यकृताची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे आणि रक्त अशी साग्रसंगीत तपासणी होत राहिली. उरलेल्या निम्म्यांना डॉक्टर नुसते तपासत, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करत आणि तक्रार असेल तरच पुढच्या चाचण्या सांगत. जवळपास सहा वर्षांनी मोजदाद केली तेव्हा जास्त तपासण्या झालेल्या गटात १३२ मृत्यू होते आणि कमी तपासण्यांच्या गटात १२२. म्हणजे फरक नाहीच. मनःस्वास्थ्य, रोजचं जगणं, उपचारांबद्दलचं समाधान यांतही फरक नव्हता.

दुसरी चाचणी १२४३ जणींची. तिचा निकाल मला जास्त बोलका वाटतो. तिथे दर सहा महिन्यांनी एक्स-रे आणि हाडांचा स्कॅन केलेल्या गटात पसरलेला आजार खरोखरच लवकर आणि जास्त संख्येने सापडला. तपासणीने आपलं काम चोख केलं. तरीही पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतल्या मृत्यूंचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं.

असं का व्हावं? स्तनाचा कर्करोग हाडात, फुप्फुसात किंवा यकृतात पोचला की त्याला आवर घालता येतो, कधी कधी वर्षानुवर्षं. पण तो मुळासकट काढणं बहुतेक वेळा जमत नाही. अशा वेळी तो पाच महिने आधी सापडला म्हणजे आयुष्य पाच महिन्यांनी वाढलं असं होत नाही. वाढतात ते फक्त माहीत असल्याचे महिने. शिवाय स्कॅनमध्ये जे चमकतं ते सगळं कर्करोगाचं नसतं. झिजलेला सांधाही चमकतो. फुप्फुसावरचा जुन्या संसर्गाचा वणही ठिपका म्हणून दिसतो. मग त्या ठिपक्यामागे दुसरा स्कॅन, मग सुई घालून तुकडा काढणं, मग निकालाची वाट बघण्याचे दिवस. आणि शेवटी ‘काही नाही निघालं’ म्हणून सगळे देवाचे आभार मानतात. मुळात ही धावपळ कशामुळे सुरू झाली, हे तोवर कुणाच्या ध्यानात राहिलेलं नसतं.

मॅमोग्राफीची गोष्ट वेगळी आहे आणि ती इथे मिसळू नये. शस्त्रक्रिया झालेल्या स्तनाच्या उरलेल्या भागात किंवा दुसऱ्या स्तनात नवी गाठ आली तर ती लवकर सापडण्याचा खरा उपयोग आहे, कारण तिथला आजार पुन्हा बरा होऊ शकतो. म्हणून वर्षातून एकदा मॅमोग्राफी ही शिफारस जवळपास सगळीकडे आहे. तिच्या जोडीला डॉक्टरांनी हाताने तपासणं: अमेरिकेतल्या शिफारशींनुसार पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, त्यानंतर वर्षातून एकदा. तक्रार नसताना पेट स्कॅन, सीटी, हाडांचा स्कॅन किंवा रक्तातले मार्कर (कर्करोगाची खूण दाखवणारे घटक) करू नयेत, हे अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजीने २०१२ साली आपल्या ‘टाळा’ म्हणून सांगितलेल्या पाच गोष्टींच्या यादीत घातलं होतं. कर्करोगतज्ज्ञांच्याच संघटनेला आपल्याच सभासदांना हे जाहीरपणे सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

तरी या तपासण्या थांबलेल्या नाहीत. स्कॅनच्या यंत्राला गिऱ्हाईक लागतं, हे एक कारण आहेच. पण सगळा दोष त्यावर ढकलणं सोपं आणि अर्धवट होईल. डॉक्टरलाही ‘तुम्ही स्कॅन का नाही केलात?’ या प्रश्नाची भीती असते. आणि मागणी बाईकडूनही येते, तिच्या घरच्यांकडून तर जास्तच. इटलीतल्या त्या पहिल्या चाचणीतल्या ७० टक्क्यांहून अधिक बायकांनी सांगितलं होतं की तक्रार नसली तरी आम्हाला वारंवार तपासलेलं आणि चाचण्या केलेल्या हव्यात. मला यात भाबडेपणा दिसत नाही. सहा-आठ महिने रोज कुणी ना कुणी तिला तपासत, टोचत, विचारत होतं. मग एका दिवशी ते सगळं एकदम थांबतं. ती स्कॅन मागते तेव्हा बहुतेक वेळा लक्ष मागत असते, आणि देण्याजोगं लक्ष म्हणून आपल्याकडे फक्त यंत्र उरलेलं असतं.

या युक्तिवादावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. त्या चाचण्या १९९४ च्या. तेव्हा पेट स्कॅन सर्रास नव्हते, ट्रास्टुझुमॅबसारखी, काही प्रकारच्या गाठींवर नेमका मारा करणारी औषधं नव्हती. आज एखाद-दुसऱ्या जागी पसरलेल्या आजारावर नेमके किरणोपचार करता येतात, रक्तात तरंगणारे गाठीच्या डीएनएचे कण शोधता येतात. तेव्हा जे निरुपयोगी ठरलं ते आज उपयोगी ठरू शकेल. जरूर. पण ‘ठरू शकेल’ हे आधी अभ्यास करून बघण्याचं कारण आहे, सरसकट प्रत्येकीला लागू करण्याचं नव्हे. नव्या रक्तचाचणीने आजार लवकर दिसतो हे सांगणारे लोक नेमकी तीच पायरी गाळतात जी इटलीतल्या दुसऱ्या चाचणीने उघडी पाडली होती: लवकर दिसल्याने बाई जास्त जगते का? ते सिद्ध झालं तर मी माझं मत बदलेन.

आता मधल्या काळाकडे येतो.

१९९६ साली इंग्लंडमधला एक अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. उपचार संपलेल्या २९६ बायकांपैकी निम्म्यांची देखरेख रुग्णालयातल्या तज्ज्ञांकडे ठेवली, निम्म्यांची फॅमिली डॉक्टरकडे. अभ्यासाच्या काळात २६ जणींचा आजार उलटला. त्यातल्या १८ जणींच्या बाबतीत तो ठरलेल्या तपासणीत सापडलाच नाही. दोन भेटींच्या मधे बाईला स्वतःलाच काहीतरी वेगळं जाणवलं आणि ती दाखवायला गेली. तारीख रुग्णालयातली असो की फॅमिली डॉक्टरची, चित्र तेच. म्हणजे या आजारावर सगळ्यात जास्त काळ नजर ठेवून असते ती बाईच, आणि तिला काय बघायचं ते आपण नीट सांगत नाही. व्रणाजवळ किंवा काखेत नवी गाठ. रात्री झोपल्यावरही न थांबणारं आणि आठवड्यामागून आठवडे टिकणारं हाडाचं दुखणं. चढ नसतानाही लागणारी धाप. न हटणारा खोकला. आधी कधी नव्हती अशी सतत डोकेदुखी. कारणाशिवाय उतरणारं वजन. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी चालू असताना पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त जाणं. एवढं सांगायला पाच मिनिटं पुरतात.

पण सांगून भागत नाही. लक्षण जाणवल्यावर जायचं कुठे, हा खरा प्रश्न. पुढची तारीख चार महिन्यांवर आहे. त्याआधी फोन करावा तर तो कुणी उचलत नाही, किंवा उचलणारा म्हणतो, ‘तारखेला या, तेव्हा डॉक्टरांना सांगा.’ मग बाई वाट बघते. दुखणं अंगावर काढायची सवय तशीही जुनीच असते, आणि इथे तर दवाखानाच तिला ते अंगावर काढायला सांगत असतो.

पाच वर्षांचा समज हा आणखी एक गोंधळ. ‘पाच वर्षं झाली, आता सुटलीस!’ असं प्रेमाने सांगितलं जातं, आणि काही प्रकारच्या गाठींबाबत त्यात बरंच तथ्यही आहे. हार्मोनशी संबंधित गाठींबाबत मात्र नाही, आणि बहुतेक गाठी त्याच प्रकारच्या असतात. २०१७ साली ८८ चाचण्यांतल्या जवळपास ६३,००० बायकांची माहिती एकत्र करून बघितली गेली. या सगळ्याजणी पाच वर्षं हार्मोनची औषधं घेऊन त्या वेळी आजारमुक्त होत्या. त्यांच्यात पाचव्या ते विसाव्या वर्षादरम्यान दूर पसरलेला आजार उद्भवण्याचं प्रमाण, गाठ लहान आणि काखेतल्या लसिकाग्रंथी स्वच्छ असतील तर १३ टक्के, आणि गाठ मोठी असून काखेतल्या चार ते नऊ ग्रंथींत आजार गेला असेल तर ४१ टक्के निघालं. जोखीम वर्षानुवर्षं संथपणे चालू राहते. तारखा मात्र पाचव्या वर्षाच्या आसपास संपतात. वीस वर्षं दर सहा महिन्यांनी बोलवा असं मी म्हणत नाही, त्याने काहीच साधणार नाही. पण अकराव्या वर्षी कंबर दुखायला लागली तर ‘मला पूर्वी हा आजार होता’ हे सांगायचं तिला सुचावं, आणि ऐकणाऱ्या डॉक्टरने ते मनावर घ्यावं, एवढं तरी जमायला हवं.

गोळ्यांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. हार्मोनशी संबंधित आजारात पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने पंधरा वर्षांतले या आजाराचे मृत्यू साधारण एक-तृतीयांशाने घटतात. एवढी ताकद उपचारानंतरच्या दुसऱ्या कुठल्याच गोष्टीत नाही, स्कॅनमध्ये तर मुळीच नाही. आता दुसरी बाजू. उत्तर कॅलिफोर्नियातल्या ८,७६९ बायकांच्या औषधांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २०१० साली निकाल आला. साडेचार वर्षांत जवळजवळ एक-तृतीयांश बायकांनी गोळ्या सोडून दिलेल्या होत्या. काहींनी सोडल्या नव्हत्या, पण मधे मधे गाळल्या होत्या. पूर्ण मुदत आणि नेमाने घेणाऱ्या निघाल्या ४९ टक्के. चाळिशीच्या आतल्या बायकांत सोडण्याचं प्रमाण सर्वांत जास्त, म्हणजे जिच्यापुढे सगळ्यात मोठं आयुष्य पडलंय तीच आधी गळते. गोळ्या सोडणाऱ्यांमध्ये नंतर मृत्यूंचं प्रमाणही जास्त दिसलं.

यात बेफिकिरी शोधू नये. केमोला जी बाई निमूटपणे सामोरी गेली, ती एका लहानशा गोळीला का कंटाळावी? कारण केमो संपणार असतो हे तिला माहीत होतं. लेट्रोझोल किंवा अनॅस्ट्रोझोल या हार्मोनच्याच दुसऱ्या गोळ्यांनी सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत, गुडघे धरतात, पन्नाशीत ऐंशीचं वाटतं. टॅमॉक्सिफेनने रात्री अंगातून वाफा निघतात, घामाने कपडे भिजतात, झोपेचं खोबरं होतं. योनीचा कोरडेपणा येतो, संबंध दुखरे होतात, आणि ही गोष्ट ती तपासणीच्या खोलीत, सोबतीला मुलगा किंवा दीर उभा असताना, सांगेल अशी अपेक्षा ठेवणारे आपण! ती घरी येते आणि एक दिवस गोळी घेत नाही. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. तिसऱ्या दिवसापासून ती कुणाला सांगत नाही.

या त्रासांवर उपाय नाहीत असंही नाही. एका गोळीने सांधे धरले तर त्याच गटातली दुसरी देऊन बघता येते, किंवा गटच बदलता येतो. सांधे दुखत असतानाच वर्षभर नियमित व्यायाम करायला लावलेल्या १२१ बायकांच्या एका अमेरिकन चाचणीत व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं चांगलंच उतरलं. नैराश्यासाठी दिलं जाणारं ड्युलॉक्सेटिनही या सांधेदुखीवर काही प्रमाणात चालतं, हे २०१८ च्या एका चाचणीत दिसलं. कोरडेपणावर हार्मोन नसलेली मलमं आहेत. पण उपाय देण्यासाठी त्रास कळावा लागतो, तो कळण्यासाठी विचारावा लागतो, आणि तो सहाव्या महिन्यात नव्हे, सहाव्या आठवड्यात विचारावा लागतो. गोळी सुटायची असेल तर ती बहुधा पहिल्या वर्षातच डळमळायला लागते. (शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो. तोही टॅमॉक्सिफेन घेतो, त्यालाही हे त्रास होतात, आणि त्याला तर हे प्रश्न विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.)

हाताचं उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण तिथे आपण न विचारण्यापेक्षाही वाईट करतो: चुकीचं सांगतो. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर साधारण पाचातल्या एकीचा हात पुढे कधीतरी सुजतो. ‘त्या हाताने काही उचलू नका’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आधीच सूज असलेल्या १४१ बायकांवरची चाचणी छापून आली. निम्म्यांना देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली होती. सूज वाढली नाही. उलट ती एकाएकी बळावण्याचं प्रमाण उचलणाऱ्यांत १४ टक्के होतं आणि न उचलणाऱ्यांत २९. तरी आजही कित्येकजणी तो हात पोटाशी धरून वावरतात. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी हाडं विरळ होतात म्हणून सुरुवातीला आणि नंतर दर दोनेक वर्षांनी हाडांची घनता मोजणं, काही औषधांनंतर हृदयावर लक्ष ठेवणं, ही कामं निदान कागदावर तरी असतात.

कागदावरून आठवलं. २००५ साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सुचवलं की उपचार संपताना प्रत्येक रुग्णाच्या हातात झालेल्या उपचारांचा सारांश आणि पुढच्या देखरेखीचा लेखी आराखडा द्यावा. कल्पना सुंदर होती. मग कॅनडात ४०८ बायकांवर तिची परीक्षा झाली आणि २०११ साली निकाल लागला: आराखडा मिळालेल्या आणि न मिळालेल्या बायकांच्या मनावरच्या ताणात, समाधानात काही फरक नाही. या निकालाने काहीजण चक्रावले, मला तो अपेक्षितच वाटतो. कागदाला काही विचारता येत नाही.

मग हे काम कुणी करावं? प्रत्येक बाईला आयुष्यभर कर्करोगतज्ज्ञच हवा असं नाही. कॅनडातच ९६८ बायकांवर झालेल्या चाचणीत, फॅमिली डॉक्टरकडे आणि तज्ज्ञांकडे देखरेख असलेल्या गटांत आजार उलटल्यामुळे होणाऱ्या गंभीर घटनांचं प्रमाण सारखंच निघालं, साडेतीन टक्क्यांच्या आसपास. इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी आता ठरावीक भेटी काढूनच टाकल्या आहेत. मॅमोग्राफी ठरल्याप्रमाणे होते. बाकी बाईला काय बघायचं ते शिकवतात, थेट नर्सचा नंबर देतात, आणि गरज पडेल तेव्हा तिने फोन करायचा.

मला ही दिशा पटते, पण तिच्यावरची टीकाही पटते. फोन कोण करतं? जिला बोलता येतं, जिला आपला त्रास ‘त्रास’ म्हणण्याइतका मोठा वाटतो, जिच्या घरात तिच्या फोनवर कुणी कान ठेवून नसतं. जी गप्प बसते ती या व्यवस्थेत आणखी गप्प होते, आणि वर ‘नंबर दिला होता की’ असं म्हणायला सगळे मोकळे. म्हणून फोन दोन्ही दिशांनी जायला हवा. नाव माहीत असलेल्या एकाच नर्सने गोळ्या सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी, मग पहिलं वर्षभर अधूनमधून स्वतः फोन करावा, आणि ‘कशा आहात?’ असं न विचारता ‘गेल्या आठवड्यात किती गोळ्या चुकल्या?’ असं विचारावं. चुकल्या का, असं नाही, किती, असं. या एका शब्दाने खरं सांगण्याची लाज कमी होते. बिनकामाचे जे स्कॅन आज होतात, त्यातल्या थोड्यांच्या खर्चातही अशा नर्सचा पगार निघेल, असा माझा अंदाज आहे.

तारखा तर आणखी कमी होणारच आहेत. ब्रिटनमध्ये पन्नाशीपुढच्या ५,२३५ बायकांवर ‘मॅमो-५०’ नावाची चाचणी झाली. शस्त्रक्रियेला तीन वर्षं होऊन गेल्यावर त्यातल्या निम्म्यांची मॅमोग्राफी दरवर्षी केली, उरलेल्यांची दोन किंवा तीन वर्षांनी एकदा. या आजारातून जगण्याचं पाच वर्षांचं प्रमाण दोन्हीकडे ९८ टक्के. हे वाचून मला आनंदाआधी धास्तीच वाटली. त्या वाचलेल्या भेटींचा वेळ फोन करणाऱ्या नर्सला मिळाला तर उत्तमच. तो नुसताच हिशेबातून वजा झाला, तर चौथ्या वर्षी बाईच्या हातात तारीखही उरणार नाही, गोळ्यांचं पाकीट तेवढं राहील, तेही उघडलेलं आहे की नाही हे कुणाला माहीत नसलेलं.